फोटो लहान करताना नेमकं काय जातं?

आजचा विषय वरवर किरकोळ आहे. इंटरनेट हळू असताना ईमेलने फोटो कसे पाठवायचे? कुणी म्हणेल, बटण दाबलं की फोटो लहान होतो, त्यात व्याख्यानासारखं काय? तर त्यात एवढंच आहे की, ते बटण दाबताना आपण काहीतरी कायमचं टाकून देत असतो. काय टाकतो आहोत हे ठाऊक असलं तर काम सुखाने होतं. ठाऊक नसलं तर कधी लग्नाचा मूळ फोटो हातचा जातो, तर कधी रक्ताच्या रिपोर्टमधला दशांशचिन्हाचा ठिपका.

आधी थोडा हिशेब करू. आजचा साधा मोबाइल १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन बाइट लागतात. म्हणजे फोटो ३६ एमबीचा व्हायला हवा. पण फाइल पाहिली तर ती साधारण ४ एमबीची असते. उरलेलं कुठे गेलं? त्याकडे येऊच.

आता हा ४ एमबीचा फोटो ईमेलला जोडू. ईमेलची रचना मुळात साध्या अक्षरांसाठी झाली. त्यामुळे जोडलेली फाइल बहुधा अक्षरांच्या रूपात बदलून पाठवली जाते. त्यात प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते, ४ चे सव्वापाच एमबी होतात. असे पाच फोटो जोडले तर आपल्याला दिसतात २० एमबी, पण निघतात साडेसव्वीसहून जास्त. मर्यादा २५ एमबीची असेल आणि ती या फुगलेल्या पत्रावर मोजली जात असेल, तर पत्र परत येतं आणि आपण म्हणतो, "अहो, वीसच तर होते!"

वेगाचंही पाहू. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट मानला होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. रेंजची एकच काडी असलेल्या गावात आजही वेग इतका खाली येऊ शकतो. या वेगाने एक फोटो जायला पावणेतीन मिनिटं लागतात, पाच फोटोंना जवळजवळ चौदा. मध्ये लाइन तुटली की बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून. आणि हा त्रास फक्त पाठवणाऱ्याचा नाही बरं का. तेच ओझं पलीकडच्या माणसाला उतरवून घ्यावं लागतं, त्याच्या डेटा पॅकमधून.

मग उपाय काय? "झिप करून पाठवा" असा सल्ला हमखास मिळतो. फोटोच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही, कारण फोटो आधीच दाबलेला असतो. पिळून वाळवलेला कपडा पुन्हा पिळला तर किती पाणी निघणार?

हे पिळणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपले बहुतेक फोटो जेपेग या पद्धतीने साठवले जातात. तिचं मानक १९९२ साली आलं. तिच्या मुळाशी जे गणित आहे ते १९७४ साली प्रसिद्ध झालं. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव ही त्या लेखाच्या लेखकांची नावं. यांतले अहमद मूळचे बेंगळुरूचे.

या पद्धतीत फोटोचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. मग प्रत्येक चौकोनाला जणू विचारलं जातं, तुझ्यात बदल किती वेगाने होतो? निरभ्र आकाशाचा चौकोन असेल तर उत्तर सोपं, सगळा एकसारखा निळा. चौसष्ट ठिपके वेगवेगळे सांगायची गरजच नाही. पैठणीच्या पदराचा चौकोन असेल तर प्रत्येक ठिपका वेगळा, तिथे फारसं वाचत नाही. म्हणून एकाच मोबाइलने काढलेला आकाशाचा फोटो हलका असतो आणि पदराचा जड.

शिवाय आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. जेपेग याचाही फायदा घेतं. जे डोळ्याच्या लक्षात येण्याची शक्यता कमी, ते आधी टाकायचं. ३६ चे ४ झाले ते असे.

इथे आमच्या विषयातला एक जुना शब्द उपयोगी पडतो. न्यायसूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय यांच्यानंतर चौथं येतं ते प्रयोजन. लहान केलेला फोटो आणि मूळ फोटो एकच का? नुसतं असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कशासाठी, हे विचारलं की मिळतं. धान्य पाखडताना फोलपट कोणतं ते आपल्याला ठाऊक असतं. फोटोत फोलपट कोणतं, हे प्रयोजनावर ठरतं.

तीन प्रयोजनं घेऊ.

पहिलं, नुसतं पाहणं. बारशाचे फोटो मावशीला पडद्यावर पाहायचे आहेत. १२०० बाय ९०० ठिपके पुरे झाले. मुळाच्या अकराव्या हिश्श्याइतके ठिपके, आणि फाइल साधारण अडीचशे किलोबाइटची. मघाच्याच वेगाने पाचही फोटो मिनिटभरात जातात.

दुसरं, छापणं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे चार बाय सहा इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० हवेत. तोच १२०० बाय ९०० चा फोटो छापला तर जेमतेम चार बाय तीन इंच नीट येईल. भिंतीवर लावायचा असेल तर मूळ फाइलच पाठवावी, एका पत्रात एक.

तिसरं, वाचणं. सातबारा, रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी. इथे सांभाळायला हवं. जेपेग अक्षरांच्या कडांभोवती धूसरपणा आणतं, आणि ठिपके फार कमी केले तर १.५ चे १५ वाचले जाऊ शकतात. म्हणून कागदाचा फोटो जवळून, पुरेशा उजेडात काढावा, भोवतालचं टेबल कापून टाकावं, पण ठिपके बेताने कमी करावेत. लहान केलेली प्रत पाठवण्याआधी स्वतः उघडून तिच्यातलं सर्वांत बारीक अक्षर वाचून पाहावं. आपल्याला वाचता आलं नाही तर डॉक्टरांनाही येणार नाही.

कृतीचा क्रम असा. आधी नको तो भाग कापा. मग ठिपके कमी करा. रिसाइझची सोय विंडोजच्या पेंटमध्येही आहे. आयफोनच्या मेल ॲपमध्ये फोटो जोडले की लहान, मध्यम, मोठा की मूळ आकार, असं विचारलं जातं. एवढ्याने भागलं नाही तरच दर्जा, म्हणजे क्वालिटी, थोडी खाली आणा. दर्जा फार उतरवला की मघाचे ते आठ बाय आठचे चौकोन चेहऱ्यावर दिसू लागतात.

आणि एक पथ्य. लहान केलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने साठवा. मूळ फाइलवरच 'सेव्ह' केलं तर गेलेले ठिपके परत येत नाहीत. लहान फोटो ताणून मोठा करता येतो, पण त्यात भरलेले ठिपके अंदाजाचे असतात. तसंच जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा साठवली तर दर वेळी थोडी झीज होऊ शकते. नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही होत नाही. पुन्हा लहान प्रत लागली तर ती मुळापासूनच करावी.

पाठवण्याआधी पलीकडच्या माणसाला एक ओळ लिहून विचारावं, "तुम्हाला फोटो कशाला हवेत, आणि तुमच्याकडे नेट कसं आहे?" किती लहान करायचं हे त्याच्या उत्तरावरून ठरेल.

पुढच्या व्याख्यानात हाच विचार आवाजाच्या फाइलींबद्दल करू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.