नवजाताची शेगडी : तपकिरी मेद आणि आपली थंडी

तेलंगणात थंडीचा विषय निघाला की प्रथम नाव येते ते आदिलाबादचे. केसलापूरची नागोबा जत्रा भरते त्या पौष महिन्यात काही पहाटे पारा एक आकडी होतो. आपण मोठी माणसे घोंगडी पांघरतो, शेकोटीजवळ सरकतो, नाही तर कुडकुडतो. नुकत्याच जन्मलेल्या बालकाला यांपैकी काहीच साधत नाही. कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्षमताही त्याच्या ठायी जवळजवळ नसते. तरीही ते काही काळ तग धरते, कारण निसर्गाने त्याच्या देहात एक छोटी शेगडी ठेवलेली आहे. तिचे नाव तपकिरी मेद, अर्थात ब्राऊन फॅट.

हा मेद खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती, काखेत आणि मूत्रपिंडांच्या आसपास असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो शरीरवजनाच्या साधारण २ ते ६ टक्के भरतो. पांढरा मेद ऊर्जा साठवतो, तपकिरी मेद ती जाळतो. त्याच्या पेशींत लोहयुक्त तंतुकणिका दाटीने असतात. तपकिरी रंग त्यांचाच.

त्वचेला गारवा जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस अनुकंपी मज्जातंतूंना आज्ञा देतो. त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन स्रवते, मेदाचे विघटन सुरू होते आणि तंतुकणिकांतील ‘यूसीपी-१’ हे प्रथिन जागे होते. एरवी तंतुकणिका इंधन जाळून एटीपी हे ऊर्जेचे चलन घडवतात. हे प्रथिन तो दुवाच सोडवते. आपल्या कापसाच्या गावात उपमा द्यायची तर जिनिंगच्या इंजिनाचा पट्टा उतरवून ठेवावा तसे : इंजिन धडधडते, इंधन जळते, सरकी मात्र निघत नाही, उरते ती केवळ उष्णता. तीच रक्तावाटे बाळाच्या शरीरभर पसरते.

प्रौढांत हा मेद उरत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन शोधनिबंधांनी तो मान व गळपट्टीच्या हाडाजवळ टिकून असतो आणि थंडीने कार्यरत होतो, हे पेट स्कॅनद्वारे दाखवले. त्यावरून थंड पाण्याच्या स्नानाने वजन घटवण्याचे सल्ले निघाले. मात्र प्रौढांतील हा मेद अल्प, त्याने जाळलेली ऊर्जाही बेताचीच. हृदयविकाराच्या रुग्णाने असा प्रयोग करू नये. बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझी चिंता वेगळी आहे.

ही शेगडी फुकट पेटत नाही. तिला प्राणवायू लागतो, साखर लागते. गारठलेल्या बाळाचा प्राणवायूचा खप वाढतो, रक्तशर्करा उतरते, रक्तात आम्लता वाढते. आधीच गुदमरलेल्या बाळाची शेगडी धड पेटतच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अडचण आणखी मोठी : हा मेद गर्भावस्थेच्या सुमारे सव्विसाव्या आठवड्यानंतर साठू लागतो, म्हणून लवकर जन्मलेल्याची शिदोरीच तोकडी. असे बाळ रडून तक्रारही करीत नाही. ते शांत होते, दूध ओढेनासे होते, आणि घरच्यांना वाटते, बाळ गुणी आहे, झोपले आहे. उटनूर-नारनूरकडून पहाटे प्रवास करून येणाऱ्या बाळांत हे शांतपण मला सर्वांत भयावह वाटते.

म्हणून बाळाची शेगडी विझण्यापूर्वी आपली ऊब त्याला द्यावी. जन्मताच कोरडे पुसावे, टोपी घालावी, आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, पहिल्या तासात स्तनपान द्यावे. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी. आजीबाईंची समजूत प्रेमाने घालावी. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवू नये, तिचा विषारी वायू घात करतो. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे; दोन्ही गार असतील तर त्याला छातीशी धरूनच तातडीने दवाखाना गाठावा. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवे.

हे साध्य होते, याचा पुरावा शेजारीच आहे. प्राणहितेपलीकडील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात-सेवा दिली. बाळाला उबदार ठेवणे हा तिचा एक भाग होता. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने, ज्यात भारतही होता, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने छातीशी धरल्यास, स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या तुलनेत, मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात हे दाखवले.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : बाळ पुढे पाठवताना चिठ्ठीवर वजनाशेजारी तापमानही लिहावे, आणि बाळाला कापडात गुंडाळून नव्हे, तर आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी बांधून पाठवावे.