सॅन फ्रान्सिस्कोची स्टीम बिअर: एका पद्धतीचे पुनरुज्जीवन

अमेरिकेतील बिअरचा इतिहास हा बहुतांशी युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी आपापल्या पद्धती नव्या भूमीत रुजवल्याचा इतिहास आहे. त्या भूमीच्याच हवामानातून आणि अडचणींतून घडलेले बिअरचे प्रकार थोडे असून त्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘स्टीम बिअर’चे स्थान पहिल्या रांगेतले आहे. १८४९ मध्ये सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे जो लोंढा वाहू लागला, त्याच्या मागोमाग जर्मन मद्यकारही तेथे पोहोचले आणि आपल्याबरोबर लागर बिअरचे यीस्ट घेऊन आले. यीस्ट हे बिअरचे विरजणच होय: मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, म्हणजे माल्टच्या, गोड काढ्यातील साखरेचे हे सूक्ष्मजीव मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. लागरचे यीस्ट थंडीत संथपणे काम करणारे असल्यामुळे जर्मनीत त्यासाठी गार तळघरे आणि बर्फाचे साठे वापरले जात. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र बर्फ दुर्मिळ आणि महाग होता, आणि यांत्रिक शीतकरणाचे युग अजून उजाडायचे होते.

या अडचणीतून जी पद्धत निघाली, तिचे मर्म समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्यात आणि उथळ भांड्यांत होते. उकळलेला काढा मोठ्या उघड्या परातींसारख्या भांड्यांत पसरून निववला जाई आणि मग तोच रुंद, उथळ हौदांत आंबवला जाई, जेणेकरून आंबताना निर्माण होणारी उष्णता लवकर निघून जावी. लागरचे यीस्ट अशा रीतीने त्याच्या सवयीपेक्षा उबदार, साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात काम करी, आणि त्यामुळे लागरचा नेटकेपणा व उबेत आंबलेल्या एल बिअरचा फळांसारखा गंध या दोहोंची छटा एकाच पेयात उतरे. पिंपात भरताना त्यात आंबू लागलेला ताजा काढा मिसळत असल्याने आत वायूचा मोठा दाब तयार होई. पिंप फोडताना फुसकारत बाहेर पडणाऱ्या या वायूवरून ‘स्टीम’, म्हणजे वाफ, हे नाव पडले असे एक मत आहे, तर छपरावर निवत ठेवलेल्या काढ्याच्या वाफेवरून ते आले असे दुसरे. ही श्रमिकांची स्वस्त बिअर होती. फ्रँक नॉरिस यांच्या १८९९ मधील ‘मॅकटीग’ या कादंबरीचा नायक रविवारी हीच बिअर पितो, यावरून शहराच्या रोजच्या जगण्यात ती किती मुरली होती हे दिसते.

या पद्धतीचा धागा ज्या एका ब्रुअरीने विसाव्या शतकात टिकवला, त्या ‘अँकर’ची मुळे १८७१ मध्ये गॉटलीब ब्रेकल यांनी विकत घेतलेल्या एका मद्यगृहापर्यंत जातात. १८९६ मध्ये अर्न्स्ट बारुथ आणि त्यांचे जावई ऑटो शिंकेल यांनी ती घेऊन तिला अँकर, म्हणजे नांगर, हे नाव दिले. पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत ती भस्मसात झाली, १९२० ते १९३३ या देशव्यापी दारूबंदीच्या काळात बंद राहिली आणि दारूबंदी उठल्यानंतर पुन्हा उभी राहते न राहते तोच १९३४ मध्ये पुन्हा आगीच्या तडाख्यात सापडली. तरीही ती तगली. महायुद्धानंतर मात्र राष्ट्रीय कंपन्यांच्या फिकट, एकसारख्या लागरने बाजार व्यापला, स्थानिक ब्रुअऱ्या एकामागून एक मिटल्या, आणि अँकरही १९५९ मध्ये बंद पडून पुढच्या वर्षी लॉरेन्स स्टीस यांच्या हाती कशीबशी सुरू झाली.

१९६५ मध्ये ती पुन्हा बंद होण्याच्या बेतात असताना फ्रिट्झ मेटॅग या सत्तावीस वर्षांच्या स्टॅनफर्ड पदवीधराने तिचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातून आलेल्या या तरुणाच्या हाती जी बिअर लागली, ती अनेकदा आंबट निघत असे आणि त्यामुळे तिची पत गेलेली होती. स्टीम बिअरचे खरे पुनरुज्जीवन येथे सुरू होते, आणि ते जुन्याची नक्कल करण्यातून झालेले नाही. मेटॅग यांनी स्वच्छता आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांवर भर दिला, काढ्यासाठी केवळ जवाचे माल्ट वापरले, कडवटपणा व सुगंध देणारी हॉप्सची फुले अख्खीच घातली, पण उथळ हौद आणि उबेत काम करणारे लागर यीस्ट हा पद्धतीचा गाभा राखला. १९७१ मध्ये ही बिअर बाटलीबंद होऊन बाजारात आली. १९७५ च्या ‘लिबर्टी एल’मध्ये त्यांनी कॅस्केड हे अमेरिकी वाणाचे हॉप्स मुक्तहस्ते वापरले, आणि त्याचा लिंबूवर्गीय सुगंध पुढे अमेरिकी एलची ओळख ठरला. देशातील ब्रुअऱ्यांची संख्या शंभराच्या आसपास घसरली असता एक छोटी ब्रुअरीही गुणवत्तेच्या बळावर जगू शकते हे अँकरने दाखवले, आणि आज हजारोंच्या घरात गेलेल्या अमेरिकी लघु-ब्रुअऱ्यांच्या चळवळीचा पाया तेथेच घातला गेला.

१९८१ मध्ये अँकरने ‘स्टीम बिअर’ या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क नोंदवला, तेव्हा इतर मद्यकारांना तीच पद्धत ‘कॅलिफोर्निया कॉमन’ या नावाने चालवावी लागली. मेटॅग यांनी २०१० मध्ये ब्रुअरी विकली, २०१७ मध्ये ती जपानच्या सापोरो कंपनीकडे गेली आणि महामारीत उपाहारगृहे व मद्यगृहे थंडावल्यानंतर घटत्या विक्रीचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये तिचे काम थांबवण्यात आले. २०२४ मध्ये हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. बंद पडलेला एक जुना कारखाना घेऊन त्यांनी २००५ मध्ये दह्याचा ‘चोबानी’ हा उद्योग उभा केला होता. विरजणाचे मोल जाणणाऱ्या माणसाच्या हाती ही वास्तू यावी, हे समाधानाचे आहे.

या दीड शतकाच्या वाटचालीचा निष्कर्ष मात्र मालकांच्या नावांपलीकडे जातो. नाव, नांगराचे चिन्ह आणि इमारत यांची खरेदी-विक्री झाली, आणि त्यांच्याबरोबर ब्रुअरीचे दैवही मालकांच्या ताळेबंदाला बांधले गेले. पद्धत मात्र कोणाच्याच मालकीची नव्हती. वारसा टिकतो तो त्याला रोज हाताळणाऱ्यांमुळे. अँकरचे हौद कोरडे पडले त्या वर्षीही, नाव वापरण्याची मुभा नसलेल्या कितीतरी लहान ब्रुअऱ्यांत आणि घरगुती मद्यकारांच्या भांड्यांत, लागरचे यीस्ट उबेत आंबतच होते.