पागा, पलटण आणि वर्गणी

आमेरचा किल्ला पाहायला गेलेल्या मराठी माणसाला वाटाड्या ज्या मानसिंगाची गोष्ट सांगतो, तो सोळाव्या शतकातला, अकबराचा सेनापती. त्याच कछवाह घराण्यात विसाव्या शतकात आणखी एक मानसिंग होऊन गेले आणि त्यांनी गाजवली ती मैदाने पोलोची होती. १७२७मध्ये सवाई जयसिंगाने आमेरच्या डोंगरातून राजधानी खाली सपाटीवर, जयपूरला आणली. तोपर्यंत घोडा हे या घराण्याचे लढाईचे साधन होते. पुढे इंग्रजी अमलात लढाया उरल्या नाहीत आणि पागा मात्र भरलेल्या राहिल्या. १९३३ साली सवाई मानसिंग (दुसरे), राव राजा हणूतसिंग, अभयसिंग आणि पृथीसिंग या चौघांचा जयपूर संघ इंग्लंडला गेला आणि त्या हंगामातल्या तिथल्या सगळ्या मोठ्या खुल्या स्पर्धा जिंकून परत आला. मानसिंगांनी तेव्हा नुकती विशी ओलांडली होती. पुढची सदतीस वर्षे ते खेळत राहिले आणि २४ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये सायरनसेस्टरला पोलोच्या मैदानावरच त्यांना मृत्यू आला.

असे चरित्र वाचले की आपण दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. एक तर ‘काय तो खेळाडू!’ किंवा ‘राजाच तो, त्याला काय कमी?’ या दोन्ही उद्गारांत चरित्र संपून जाते आणि कामाचा प्रश्न विचारायचा राहतो. या खेळाडूच्या मागे नेमके कोण उभे होते, कशासाठी उभे होते आणि त्याने हात काढून घेतला तेव्हा काय झाले? विसाव्या शतकातल्या भारतीय खेळाडूंची चरित्रे आपल्याकडे जिद्दीच्या कथा म्हणून सांगितली जातात. ती आधी आश्रयाच्या कथा म्हणून वाचावीत, असे माझे म्हणणे आहे. जिद्द सगळीकडेच असते, म्हणून ती फारसे काही समजावून सांगत नाही. आश्रय मात्र ठिकाणागणिक, वर्षागणिक बदलतो, आणि कोण कुठवर पोहोचला याचा उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो.

पोलोचा हिशेब पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. या खेळाचा डाव चक्करांमध्ये मोजतात. एक चक्कर सात-साडेसात मिनिटांचा, आणि तेवढ्यात भरधाव पळून, वळून, थांबून घोडा घामाने निथळतो. त्यामुळे पुढच्या चक्कराला दमात असलेला दुसरा घोडा लागतो. एका संघात चार स्वार आणि मोठ्या सामन्यात सहा-सात चक्कर. म्हणजे एका दुपारच्या खेळासाठी डझनावारी तयार घोडे, त्यांचा खुराक, नालबंद, घोड्यामागे मोतद्दार, आणि इंग्लंडला जायचे तर या सगळ्याचे बोटीचे भाडे. हे पेलणे एखाद्या संस्थानाला किंवा रिसाल्यालाच शक्य होते. इथे पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे. घोडे तर इतर संस्थानिकांकडेही होते, मग ते सगळे का जिंकले नाहीत? मानसिंगांचे हॅंडिकॅप नऊ गोलांपर्यंत गेले होते, आणि सर्वोच्च दर्जा दहाचा असतो. हा दर्जा तिजोरीतून काढता येत नाही. हणूतसिंग तर गादीवरचे राजेही नव्हते. जोधपूरच्या सर प्रतापसिंगांचे ते पुत्र, आणि घोडा व मैदान यांची त्यांची जाण हीच त्यांची मोठी ऐपत. तेव्हा पैशाने चषक मिळत नाही हे मान्य. पैशाने एवढेच ठरते की मैदानात उतरण्याची मुभा कोणाला. एकदा ती मिळाली की पुढे गुण बोलतो. पण ज्याला ती मिळालीच नाही त्याच्या गुणाची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही.

आश्रय बदलला की काय होते, हे तपासायला मार्च १९४९ इतका सोयीचा महिना दुसरा नाही. त्या महिन्याच्या १ तारखेला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ३० तारखेला जयपूर राजस्थानात. कोल्हापूरच्या बाजूला तेव्हा खाशाबा जाधव होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९२६चा जन्म, घरात कुस्ती. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत लढलेला हा मल्ल तिथे गादीवर, अनोळखी नियमांत लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते आणि नव्या सरकारला खेळाडू ही आपली जबाबदारी आहे असे अजून वाटू लागले नव्हते. मग गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ झुंज झाली आणि तिच्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. नियमावर बोट ठेवून हरकत घेणारा कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता. तरीही बॅंटमवेट गटात कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर मिरवणूक निघाली, आणि मग डोक्यावरचे देणे फेडण्यासाठी या पदकवीराला कुस्त्यांची मैदाने भरवावी लागली. १९५५मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८४मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

त्याच हेलसिंकीला वांद्र्याची मेरी डिसूझा शंभर आणि दोनशे मीटर धावायला गेली. तिच्याही प्रवासासाठी ओळखीपाळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून पैसे जमवले होते. कुस्ती आणि धावणे, गोळेश्वर आणि वांद्रे. दोन जगे वेगळी, वाट एकच. वर्गणीची.

आणि जयपूर? तिथे विलीनीकरणानंतर मानसिंग राजस्थानचे राजप्रमुख झाले आणि १९५६पर्यंत त्या पदावर राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट घोड्यांच्या बाबतीत घडली. संस्थानांची घोडदळे मोडली तेव्हा त्यांतले निवडक स्वार आणि घोडे एकत्र करून १९५३-५४मध्ये भारतीय सैन्यात ६१वी कॅव्हलरी उभी राहिली. तिच्यात जयपूर-जोधपूरचे स्वार होते, म्हैसूरचे लान्सर्स होते, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे लान्सर्सही होते. तिचे ठाणे पुढे जयपूरला आले. १९५७मध्ये फ्रान्समधल्या दोव्हिलला भारतीय संघाने जागतिक दर्जाचा सुवर्णचषक जिंकला. दरबाराची पागा सैन्याच्या ताब्यात गेली, पण बंद पडली नाही. कोल्हापूरच्या तालमींना असा पूल मिळाला नाही, कारण सरळ आहे. घोडा ही सैन्याच्या कामाची वस्तू होती, म्हणून ती हस्तांतरित करता आली. लाल मातीचा हौदा कोणत्या खात्याच्या नावावर चढवणार? खाशाबांच्या वाट्याला आलेली ओढाताण ही एका माणसाच्या नशिबाची गोष्ट नव्हती. एक आश्रयदाता गेला आणि दुसरा अजून आला नाही, अशा पाच-सहा वर्षांच्या फटीत त्यांचा उमेदीचा काळ सापडला.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. राजेरजवाड्यांच्या आश्रयाचे एवढे कौतुक कशाला, त्यांनीच तर खेळ नासवला, असे म्हणता येईल. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यावर विजयनगरमचे महाराजकुमार केवळ वजनाच्या जोरावर क्रिकेट संघाचे कर्णधार झाले, आणि लाला अमरनाथांसारखा खेळाडू त्या दौऱ्यावरून अर्ध्यात घरी पाठवला गेला. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९११च्या दौऱ्यावर पतियाळाचे महाराज कर्णधार होते आणि पळवणकर बाळू यांनी ११४ बळी घेतले. पण चर्मकार समाजातल्या या मराठी गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. हे सगळे खरे आहे आणि ते माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट त्याची दुसरी बाजू दाखवते. आश्रयदाता खर्च करतो तेव्हा तो खेळ चालू ठेवतो. तोच संघाच्या पुढे उभा राहू लागला की खेळ त्याच्या हौसेचा होतो. मानसिंगांच्या बाबतीत हौस आणि गुण एका माणसात जमले, हा योगायोग. बिकानेरच्या करणीसिंगांच्या बाबतीतही तेच. नेमबाजीत पाच ऑलिंपिक, १९६२मध्ये कैरोला जागतिक स्पर्धेचे रौप्य. पण सरावात काडतुसे किती उडतात याचा विचार केला तर त्या काळात हा खेळ राजवाड्याबाहेरच्या कोणाला परवडला असता असे वाटत नाही. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला १९६८मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. गुण तिचा स्वतःचा, दारूगोळा घरचा.

क्रिकेटमध्ये तर दोन आश्रयांची सरळ झुंज झाली आणि निकाल धावफलकावर लिहिला गेला. साठच्या दशकात उदयपूरचे महाराणा भगवतसिंग यांच्या पाठबळावर राजस्थानने विनू मंकड, सलीम दुराणी, बांसवाड्याचे हनुमंतसिंग आणि आपले विजय मांजरेकर असा ताफा जमवला. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात हा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात आठ वेळा पोहोचला आणि आठही वेळा हरला. त्यांतले सात पराभव मुंबईकडून. मुंबईच्या मागे राजवाडा नव्हता, कचेऱ्या होत्या. बापू नाडकर्णी एसीसीत, अजित वाडेकर स्टेट बॅंकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. महिन्याला पगार, खेळायला सुट्टी आणि टाइम्स ढालीच्या सामन्यांत वर्षभर कस. राजवाडा अकरा उत्तम माणसे गोळा करू शकतो. बारावा, तेरावा आणि पुढच्या वर्षीचा नवा पोरगा तयार करायला कचेऱ्या आणि मैदाने लागतात. राजस्थानला पहिला रणजी करंडक मिळाला २०१०-११मध्ये, राजवाड्यांचा जमाना सरल्यावर.

राहिली पलटण. राजस्थानातल्या बडनगरचे श्रीराम सिंह शेखावत राजपुताना रायफल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले आणि इलियास बाबर या प्रशिक्षकांच्या हाताखाली आठशे मीटरचे धावपटू झाले. १९७४मध्ये तेहरानला आणि १९७८मध्ये बॅंकॉकला आशियाई सुवर्ण. पण त्यांची खरी शर्यत १९७६ची, मॉंट्रियल ऑलिंपिकची अंतिम फेरी. पहिल्या फेरीला घंटा वाजली तेव्हा, जेमतेम ५१ सेकंदांत, सर्वांत पुढे हा भारतीय सुभेदारी बाण्याचा माणूस होता. मग क्यूबाचा अल्बर्टो हुआन्तोरेना लांब ढांगा टाकत निघून गेला आणि १:४३.५०चा विश्वविक्रम झाला. श्रीराम सिंह १:४५.७७ वेळेत सातवे आले. पाचव्या क्रमांकावरचा स्टीव्ह ओव्हेट, जो पुढच्या ऑलिंपिकात याच अंतराचा विजेता ठरला, त्यांच्यापेक्षा सेकंदाच्या एक तृतीयांशाने पुढे होता. सुरुवातीच्या त्या वेगाचे श्रेय हुआन्तोरेनानेही नंतर दिले. इथे कोणी म्हणेल की पाहा, ना राजवाडा ना कंपनी, तरी माणूस पोहोचलाच. पण पलटण हाही आश्रयच आहे: ठरलेले जेवण, ठरलेला सराव, घरी मनीऑर्डर जाईल याची खात्री. हुआन्तोरेनाच्या मागे तर अख्खे क्यूबन सरकार होते. बास्केटबॉल खेळणाऱ्या त्या मुलाला हेरून धावपट्टीवर आणले गेले आणि पोलंडहून आलेल्या प्रशिक्षकाने त्याला घडवले. आपल्याकडची पलटण हातात आलेल्या शिपायांतून धावपटू शोधत होती, तिकडचे सरकार शाळेपासून शोधत होते. त्या दोन सेकंदांतला किती भाग या फरकाचा, हे मोजता येणार नाही. पण काहीच नाही, असे म्हणवत नाही.

पलटणीच्या आश्रयाची मर्यादाही पाहायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याचे मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले आणि ते पोहण्याकडे वळले. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवले. त्या प्रवासाला हातभार लावला तो क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या स्वयंसेवी संस्थेने, आणि पोटापाण्याला पुण्याच्या टेल्कोतली नोकरी. पलटणीची चौकट सुटली की खेळाडू पुन्हा कोणाच्या तरी भलेपणावर येऊन पडतो. पद्मश्री मिळायला त्यांना २०१८ साल उजाडले.

श्रीराम सिंहांचा १:४५.७७चा राष्ट्रीय विक्रम त्याच २०१८ सालापर्यंत टिकला. बेचाळीस वर्षांत देशात पतियाळाची क्रीडा संस्था वाढली, क्रीडा प्राधिकरण आले, कृत्रिम धावपट्ट्या आल्या, खासगी पैसा आला. विक्रम अखेर सेकंदाच्या बारा शतांशांनी मोडला, आणि तो मोडणारा केरळचा जिन्सन जॉन्सनही भारतीय सैन्याच्याच नोकरीत होता.