एकट्या दुकानदाराची वही आणि मोबाईलमधला मुनीम

आपल्या समाजातले बहुतेक व्यापारी आणि कारागीर धंदा एकट्यानेच करतात. दुकान उघडणारा तोच, माल दाखवणारा तोच, पैसे मोजणारा तोच आणि रात्री वही लिहिणाराही तोच. मुनीम ठेवण्याइतकी उलाढाल नसते. कापडाच्या दुकानात दिवसभर तागे उलगडून आणि पुन्हा गुंडाळून संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. मग वही उद्यावर जाते आणि उधारी डोक्यात राहते. अशा दुकानदारासाठी गिऱ्हाइकांचा हिसाब ठेवणारी सॉफ्टवेअर आता मोबाईलवर सहज मिळतात. ती कशी वापरावीत आणि कोठे सावध राहावे, हे टेंभुर्णीच्या अनुभवावरून वाचक बंधूंना सांगावे म्हणून हा लेख.

टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे बाजाराचे गाव. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला. त्यामुळे आमच्याकडची उधारी महिन्याच्या पगारावर चालत नाही, उसाच्या बिलावर चालते. लग्नाचा बस्ता उन्हाळ्यात बांधला जातो आणि पैसे मिळतात ते गळीत हंगाम सुरू होऊन बिल खात्यावर पडल्यावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, पण ते दरवर्षी सगळीकडे पाळले जाते असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. म्हणजे सहा-आठ महिने हिसाब उघडा. मधल्या काळात गिऱ्हाईक पाचशे, हजार असे देत राहते. कधी दुकानात, कधी एसटी स्टँडवर, कधी रस्त्यात. घोटाळा होतो तो या मधल्या रकमांत.

माझाच घोटाळा सांगतो. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे माझी वही उर्दूत, आणि तीही घाईघाईच्या अक्षरात. मुलगा मराठी शाळेत शिकला. त्याला उर्दू बोलता येते, वाचता येत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात मी आजारी पडलो आणि तीन आठवडे सोलापूरला दवाखान्यात होतो. मुलगा दुकानावर बसला. नदीकाठच्या एका गावच्या शेतकऱ्याकडे बस्त्याचे ९,६०० रुपये बाकी होते. त्यातले ४,००० त्यांनी मला रस्त्यात भेटून दिले होते. मी ते खिशातल्या छोट्या वहीत टिपले, मोठ्या वहीत चढवायचे राहिले. मुलाने मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांकडून मोठी वही वाचून घेतली आणि पूर्ण रक्कम मागितली. ते म्हणाले, "चार हजार चाचांच्या हातात दिलेत." मुलगा म्हणाला, "काका, वहीत तर नाहीत." आजारी माणसाच्या पोराशी काय वाद घालायचा, म्हणून त्यांनी ९,६०० मोजून दिले.

घरी आल्यावर छोटी वही उघडली तेव्हा मला कळले. पैसे घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी पैसे घेतले, चहा पाजला. पण धाकट्या मुलीच्या बस्त्याला ते टेंभुर्णीऐवजी अकलूजला गेले. त्यांचा त्यात काही दोष नाही. मला झोप लागेना ती दुसऱ्याच विचाराने. मी दवाखान्यातून परत आलोच नसतो तर? माणूस गेल्यावर वारसांत वाटणी होण्याआधी त्याचे देणे फेडायचे असते. पण कोणाचे देणे आणि कोणाकडे येणे, हे मुलांना वाचताच येत नसेल तर ते फेडणार काय?

त्यानंतर मुलाने मोबाईलवर खाते उघडून दिले. हिसाबाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट आपल्या देशात तशी जुनी आहे, आणि तिचा कापडाशीही संबंध आहे. गिरण्यांना सुटे भाग आणि कच्चा माल पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा हिसाब ठेवण्यासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलगा भरत यालाच ते तयार करायला सांगितले. १९८६ साली बंगळुरूत त्यातून आज 'टॅली' म्हणून प्रसिद्ध असलेली कंपनी उभी राहिली. परंतु टॅलीला हिसाबनिसाची जाण लागते. एकट्या दुकानदाराला अलीकडची 'खाताबुक', 'ओके क्रेडिट', 'व्यापार' यांसारखी मोबाईलवरची खाती सोपी पडतात. त्यांत गिऱ्हाइकाचे नाव, मोबाईल नंबर, दिलेला माल, आलेले पैसे, बाकी आणि पुढची तारीख एवढेच भरायचे. बेरीज-वजाबाकी आपोआप होते. मराठीतही काम चालते.

मला यातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट बेरीज नव्हे. नोंद केली की तिचा मेसेज गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवता येतो. जुनी वही दुकानदार एकटाच लिहीत होता आणि गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नव्हती. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. त्यात मजकूर सांगण्याचा हक्क देणेकऱ्याला दिला आहे आणि साक्षीदारही सांगितले आहेत. आपण आयत पढत आलो, पण वही मात्र सावकारासारखी एकतर्फी लिहीत आलो. मेसेज गेला की गिऱ्हाईक त्याच दिवशी म्हणू शकते, "चाचा, दोन शर्टपीस होते, तीन नव्हे." माझ्याकडे असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

मात्र मोबाईलमध्ये लिहिले म्हणजे कोर्टात सिद्ध झाले, असे कोणी समजू नये. धंद्यात नियमित ठेवलेल्या वहीतल्या नोंदी पुराव्यात घेतल्या जातात, पण केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ३४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ मध्ये आहे. संगणकातल्या वहीलाही तोच नियम. म्हणून बस्त्यासारखी मोठी उधारी असेल तर बिलावर सही घ्यावी आणि त्या बिलाचा फोटो खात्यात जोडून ठेवावा. माल विकल्याच्या पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, हेही ध्यानात असावे.

आता सावधगिरीच्या गोष्टी. काही सॉफ्टवेअर तारीख उलटली की स्वतःच तगादा पाठवतात. सुरुवातीला मी तसेच चालू ठेवले होते. एके दिवशी ज्या घरात आदल्या रात्री मयत झाली होती त्या घरी माझ्या नावाने पैशाचा मेसेज गेला. मी जनाज्याला उभा आणि त्यांच्या खिशात माझा तगादा! त्या दिवसापासून आपोआप जाणारा तगादा बंद केला. यादी सॉफ्टवेअरने काढावी, मेसेज कोणाला जावा हे दुकानदाराने ठरवावे. तारीखही महिन्याची न टाकता उसाच्या बिलाच्या अंदाजाने टाकावी. तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवलत देण्याची शिकवण त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आहे, ती यंत्राला कशी ठाऊक असणार?

काही सॉफ्टवेअरमध्ये उशिराच्या रकमेवर व्याज लावण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी. कोठे कर्जाच्या जाहिरातीही येतात. आपली उलाढाल पाहून पैसे देऊ करतात आणि शेवटी गोष्ट व्याजावरच येते. शिवाय गिऱ्हाइकांचे नंबर ही आपल्याकडची अमानत आहे. सॉफ्टवेअर फोनमधली सगळी नावे वाचण्याची परवानगी मागते, ती न देता एकेक नाव हाताने भरले तरी काम भागते. फोन हरवतो, पाण्यात पडतो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी सर्व खात्यांची छापील प्रत काढून गल्ल्याखाली ठेवतो. बायकोला आणि मुलाला ती जागा माहीत आहे.

जकातीसाठी याचा फायदा मला अपेक्षित नव्हता. पूर्वी रमजानमध्ये दोन रात्री बसून अंदाज करावा लागे आणि अंदाज नेहमी कमीच निघे, हे कबूल केले पाहिजे. दुकानातला विक्रीचा माल धरायचा असतो, आणि वसूल होण्याची आशा असलेली उधारीही. सॉफ्टवेअरचे वर्ष एप्रिल ते मार्च, आपले हिजरी वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून आर्थिक वर्षाचा कागद पुढे न करता आपल्या जकातीच्या तारखेचीच बाकी काढावी. बुडीत उधारी वेगळी काढून तिच्याबद्दल आलिमांना विचारावे.

कारागिरांना तर उधारीशिवायही याचा उपयोग आहे. माझ्या शेजारच्या शिंपी भाईंकडे मापांच्या अकरा वह्या होत्या. जुने गिऱ्हाईक पुण्याहून फोन करी, "मागच्याच मापाचा कुर्ता शिवा," आणि ते वह्या चाळत बसत. आता त्यांनी प्रत्येक नावाखाली उंची, छाती, बाही आणि कॉलर भरली आहे, आणि कापड कधी आले, द्यायचे कधी, हेही. ईदच्या आधी किती कपडे अंगावर घेतले ते एका नजरेत दिसते. गेल्या रमजानमध्ये विसाव्या रोज्याला त्यांनी दारावर पाटी लावली, की आता शिलाई ईदनंतर. त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात चाँदरातीला घरी झोपण्याची ही पहिलीच वेळ होती.

मी अजूनही दिवसाची पहिली नोंद उर्दूतच करतो, सवय जात नाही. पण इशाच्या नमाजला जाण्याआधी ती मोबाईलमध्ये मराठीत चढवतो. दहा मिनिटे लागतात. बस्त्यांच्या दिवसांत पंचवीस.