आमवातातील हृदय : सांध्यांच्या पलीकडे पाहण्याची गरज

आमवाताचा रुग्ण आपल्याकडे येतो तो सांधे दाखविण्यासाठी. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, मनगटे सुजली आहेत, कणीक मळता येत नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. औषधाने शोथ उतरला, मूठ मिटू लागली, की रुग्ण आणि वैद्य या उभयतांना समाधान वाटते. परंतु या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार अग्रस्थानी आहेत, ही गोष्ट त्या समाधानात विसरली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे विवेचन आधुनिक शास्त्रातील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या व्याधीसंबंधी आहे. व्यवहारात आपण त्यास आमवात म्हणतो. तथापि या दोन्ही संज्ञा तंतोतंत एक नव्हेत.

धोका किती?

अमेरिकेतील एक लाखाहून अधिक परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा व्याधी असलेल्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट, तर व्याधी दहा वर्षे वा अधिक जुना असल्यास सुमारे तिप्पट आढळले. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, नेहमीच्या कोष्टकावरून काढलेल्या हृदयविकाराच्या धोक्यास या रुग्णांत १.५ ने गुणावे. मात्र त्या कोष्टकात या व्याधीची गणना आधीच केलेली नसावी.

सांध्यातून धमनीपर्यंत

याचे कारण प्रतिकारसंस्थेच्या काही प्रथिनांत आहे. सुजलेल्या सांध्याच्या आतील आवरणात प्रतिकारपेशी गोळा होतात व टी.एन.एफ.-अल्फा, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही प्रथिने निर्माण करतात. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे जणू निरोपच होत. हे निरोप सांध्यातच राहत नाहीत. रक्तावाटे ते सर्व शरीरात पोहोचतात.

धमनीच्या अंतःस्तरावर टी.एन.एफ.-अल्फाचा परिणाम झाला की तेथील नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता घटते, धमनीची प्रसरणक्षमता मंदावते आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या त्या स्तरास श्वेतपेशी चिकटू लागतात. त्या भित्तीत शिरून मेदकण गिळतात व धमनीकाठिण्याचा थर वाढू लागतो. पुढे याच शोथामुळे थरावरील आवरण पातळ होते; ते फुटले की तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

इंटरल्युकिन-६ यकृतास उद्दीपित करते. त्यामुळे सी.आर.पी. वाढते, तसेच रक्त गोठविणारे फायब्रिनोजेनही वाढते. म्हणून वाढलेली सी.आर.पी. ही केवळ सांध्याची वार्ता नसून धमनीचीही सूचना मानावी. आर.ए. फॅक्टर वा अँटी-सी.सी.पी. ही प्रतिपिंडे ज्यांच्या रक्तात आहेत, अशा रुग्णांत हृदयाचा धोका अधिक आढळतो.

कोलेस्टेरॉलचा चकवा

व्याधी तीव्र असताना कोलेस्टेरॉल बरेचदा कमी भरते, कारण शोथच ते खाली ओढतो. असा अहवाल पाहून निर्धास्त होणे चुकीचे ठरते. उलट शोथ शमल्यावर कोलेस्टेरॉल काहीसे वाढलेले दिसले, तर तेवढ्यावरून औषधास दोष देऊ नये. ही तपासणी व्याधी स्थिर असताना करून घ्यावी.

शोथ शमविल्याने हृदय वाचते काय?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांचा समावेश होता. इंटरल्युकिन-१ बीटा रोखणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिल्यावर, कोलेस्टेरॉल न घटताही, हृदय व मेंदूच्या गंभीर घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्या गटात प्राणघातक जंतुसंसर्ग अधिक झाले. त्यानंतरच्या चाचणीत हृद्रोग्यांना अल्पमात्रेत मेथोट्रेक्सेट देऊन असा लाभ दिसला नाही. या दोन्ही चाचण्या आमवाताच्या रुग्णांवरील नव्हत्या. तरीही त्यांतून बोध मिळतो. शोथ व हृदय यांचा संबंध खरा आहे, परंतु शोथहर म्हणून दिलेले प्रत्येक द्रव्य हृदयरक्षक असतेच असे नाही.

हा नियम आपल्या औषधांनाही लागू आहे. गुग्गुळाचे उदाहरण घ्यावे. गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काची कोलेस्टेरॉलवरील चाचणी अमेरिकेत झाली व २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एल.डी.एल. कमी न होता काहीसे वाढले. ती चाचणी अर्काची होती, शास्त्रोक्त कल्पांची नव्हे. तथापि गुग्गुळकल्प चालू आहे म्हणून हृदयाची काळजी मिटली, असे मानण्यास ती आधार देत नाही.

आपले ग्रंथ काय सांगतात?

माधवनिदानात आमवाताच्या वर्णनात आमाने हृदयास येणारे गौरव आणि वाढलेल्या व्याधीतील हृद्ग्रह यांचा निर्देश आहे. धमनीकाठिण्य त्या काळी ज्ञात होते, असा अर्थ यातून काढणे अप्रस्तुत होय. परंतु हा व्याधी सांध्यापुरता नाही, हृदयाकडेही लक्ष द्यावे, एवढी दृष्टी त्यात निश्चित आहे.

चिकित्सकांनी व औषधविक्रेत्यांनी काय करावे?

१. आमवाताच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. तंबाखू, मिश्री, धूम्रपान यांची विचारपूस करावी व ते सोडण्यास आग्रहाने सांगावे. रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल ठरावीक काळाने तपासावे.

२. सी.आर.पी.चा अहवाल वाचताना एकक पाहावे. काही प्रयोगशाळा ती लिटरमागे, तर काही डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात. यांत दहापटीचा फरक आहे.

३. या रुग्णांत छातीत वेदना न होताही झटका येऊ शकतो. नवीन धाप, अकारण थकवा, घाम, जबड्यात वा डाव्या हातात दुखणे या लक्षणांना वाताचे म्हणून सोडू नये. त्वरित ई.सी.जी. करवावा व रुग्णालयात पाठवावे.

४. यष्टीमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लवणयुक्त चूर्णांबाबतही रक्तदाबाच्या रुग्णांत सावध असावे.

५. वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीविना देऊ नयेत. रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळेच २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. डायक्लोफेनॅकही हृद्रोग्यांस वर्ज्य मानावे, असे युरोपीय औषधनियंत्रकांनी २०१३ मध्ये सांगितले. आयबुप्रोफेन हे हृदयासाठी घेतलेल्या ॲस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणू शकते.

६. स्टिरॉइड वा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णास ते एकाएकी बंद करावयास सांगू नये. बदल करावयाचा तो संबंधित तज्ज्ञाशी विचारविनिमय करूनच. घटक न छापलेल्या, ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड असण्याचा संभव असतो. अशा पुड्या कोणी विकू नयेत व रुग्ण त्या घेतो काय, हेही विचारावे.

मूठ वळू लागली, हे चिकित्सेचे अर्धे यश होय. उरलेले अर्धे आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. ते रक्तदाबमापक हाती घेतल्यावर व दोन प्रश्न अधिक विचारल्यावरच कळते. त्यासाठी लागणारा वेळ पाच मिनिटांहून अधिक नाही.