थकलेल्या हाताची बाकी

क्रिकेटमधील गोलंदाज एक षटक टाकून चेंडू जोडीदाराकडे सोपवितो. बेसबॉलमधील पिचरला ती सवलत नाही. तो मैदानात आहे तोवर प्रत्येक चेंडू त्यानेच फेकावयाचा. पूर्ण सामन्यात ही संख्या बहुधा शंभरावर जाते. स्नायू थकले की कोपराच्या सांध्यावर अधिक भार पडतो. म्हणूनच दोन सामन्यांमध्ये पिचरला आज सामान्यतः चार-पाच दिवसांची विश्रांती देतात. १९६० च्या दशकात तीन दिवस पुरेसे मानीत.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे अजिंक्यपद ज्या मालिकेत ठरते, त्या १९६५ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये लॉस अँजेलिस डॉजर्सच्या सँडी कूफॅक्सला तेवढीही विश्रांती लाभली नाही. ११ ऑक्टोबरला या डावखुऱ्या पिचरने पाचवा सामना जिंकून दिला. १४ ऑक्टोबरला मिनेसोटा ट्विन्सविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांनी पुन्हा त्यालाच उभे केले. त्याचा वळणारा चेंडू त्या दिवशी साथ देईना. तेव्हा केवळ वेगावर भिस्त ठेवून त्याने प्रतिपक्षाला एकही धाव घेऊ दिली नाही. डॉजर्स २-० ने विजयी झाले.

त्याच्या कोपराला संधिवाताने आधीच ग्रासले होते. पुढील वर्षी २७ सामने जिंकून वयाच्या अवघ्या ३० व्या वर्षी त्याने खेळाचा निरोप घेतला. एका सामन्याने हात निकामी होत नाही, हे खरे. परंतु विश्रांतीवाचून करवून घेतलेल्या श्रमाची बाकी शरीराच्या खाती साचत जाते. विजय साऱ्या संघाचा असतो. ती बाकी मात्र एकट्या खेळाडूलाच फेडावी लागते.