फिरत्या घरातील अग्निशामक

प्रवासास निघालेल्या कुटुंबाने आपला संसारच बरोबर न्यावा, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांमागून चालणाऱ्या मालमोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस चाकांवरील चूल आणि चाकांवरील बिछाना परिचयाचा आहे. अलीकडे मात्र या संसाराने निराळे रूप घेतले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि बिछाने, ओटा, पाण्याची टाकी व विजेचा साठा अंगी बाळगणारी मोटार हा सुशिक्षित कुटुंबांच्या बोलण्यातील विषय झाला. आमच्या सांगवीपासून काही कोसांवर आकुर्डीस फोर्स मोटर्सची, म्हणजे २००५ पूर्वीच्या बजाज टेम्पोची, मुख्य कचेरी आहे. त्या कंपनीच्या ट्रॅव्हलर गाडीवर अशी फिरती घरे बांधून घेण्याचा प्रघात पडला आहे. अशा घरात आजीपासून अंगावरच्या मुलापर्यंत तीन पिढ्या एकाच वेळी निजतात. परंतु पडद्यांच्या रंगावर तासतास खल करणारी मंडळी अग्निशामक नळकांडे, ज्यास बाजारात फायर एक्स्टिंग्विशर म्हणतात, दुकानदार देईल ते घेतात आणि जेथे जागा उरेल तेथे ठेवतात. ते कोणते घ्यावे व कोठे बसवावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

या विचाराची निकड दोन दुःखद घटनांवरून ध्यानात येईल. २६ ऑगस्ट १९२३ नव्हे, तर अगदी कालपरवा, २०२३ सालच्या त्या दिवशी पहाटे मदुराई येथे यात्रेकरूंचा एक खास रेल्वेडबा उभा होता. मंडळी लखनौकडून दक्षिणेच्या यात्रेस निघालेली होती. नियमाविरुद्ध बरोबर घेतलेल्या गॅसच्या टाकीमुळे डबा पेटला आणि ९ जण प्राणास मुकले. त्याच वर्षी १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे येणारी एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. दाराची बाजू खाली गेल्यामुळे दार बंद झाले. २५ प्रवासी दगावले, आणि वाचले ते बहुतेक काच फोडून बाहेर पडलेले. पहिल्या घटनेत चालत्या घरातील चूल हे कारण होते. दुसरीत बाहेर पडण्याची वाट नसणे हा घात होता. फिरत्या घरात या दोन्ही गोष्टी हातभर अंतरावर एकत्र नांदत असतात. ओटा आणि दार यांत कित्येकदा दोन पावलांचेही अंतर नसते.

येथे शब्दाच्या अर्थाकडे क्षणभर लक्ष द्यावे. 'शामक' हा शब्द शम् धातूपासून आला आहे. शांत करणारा, एवढाच त्याचा अर्थ. नाश करणारा किंवा जिंकणारा असा अर्थ त्यात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉर्ज मॅनबी या इंग्रज गृहस्थाने तांब्याच्या भांड्यात पोटॅशचे पाणी व दाबलेली हवा भरून हाती उचलता येण्याजोगे पहिले अग्निशामक केले, तेव्हापासून आजतागायत या साधनाची मर्यादा तीच राहिली आहे. ते लहान आगीस शांत करते. मोठ्या आगीत त्याचे काम माणसांस बाहेर पडावयास वाट करून देणे हे होय. ही मर्यादा एकदा मनात ठसली, म्हणजे निवडीचे व जागेचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम निवड पाहू. भारतीय मानकांत आगीचे वर्ग केलेले आहेत. लाकूड, कापड, कागद यांची आग ती ए. पेट्रोल, डिझेल यांसारख्या द्रवांची ती बी. आणि वायूची ती सी. परदेशी राहणाऱ्या मुलाने तिकडून नळकांडे पाठविले, तर एक गोष्ट पाहावी: अमेरिकेच्या पद्धतीत सी हे अक्षर विजेच्या आगीस लावतात. फिरत्या घरात गादी, डिझेल, गॅस व विजेच्या तारा असे सर्वच असल्यामुळे एबीसी भुकटीचे, दाबमापक लावलेले नळकांडे हे सामान्यतः योग्य ठरते. या भुकटीत मोनो अमोनियम फॉस्फेट हे मुख्य द्रव्य असते, व ती वीज वाहून नेत नाही. तिचा दोष असा की, ती उडाली म्हणजे कोंदट जागेत डोळ्यांपुढे काही दिसत नाही व श्वास कोंडतो. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे घाण करीत नाही. परंतु बंद व लहान जागेत तो वायू श्वासाची हवाच हटवितो, आणि धुमसणारी गादी त्याने नीट विझत नाही. साधे पाणी पेटत्या तेलावर किंवा चालू विजेवर टाकणे तर सर्वथा वर्ज्य.

आकाराविषयी आमचे मत असे की, २ किलोचे एक नळकांडे दाराशी असावे आणि दुसरे, निदान १ किलोचे, बिछान्याच्या बाजूस असावे. कारण ओटा जर बिछाना व दार यांच्यामध्ये आला, तर निजलेल्या माणसास दाराशी पोचताच येणार नाही. २ किलोचे नळकांडे अवघ्या आठ-दहा सेकंदांत रिकामे होते, हे ध्यानात ठेवावे. अधिक मोठे घेतले तर आजीस किंवा थोरल्या नातीस ते उचलवणार नाही, आणि जे उचलवत नाही ते नसल्यासारखेच. घेताना आयएसआयची खूण व आयएस १५६८३ हा मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा.

आता जागा. घर पेटल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत भर्तृहरीने वैराग्यशतकात दिला आहे. बिछान्याखाली पेट्यांच्या आड ठेवलेले नळकांडे म्हणजे खणून ठेवलेली, परंतु वाट बुजलेली विहीर होय. पुष्कळांस वाटते की, ते शेगडीच्या डोक्यावर टांगावे, कारण आग तेथेच लागणार. हा विचार वरवर बरोबर दिसतो, पण घातक आहे. शेगडी पेटली असता त्याच ज्वाळांतून हात घालून नळकांडे कोण काढणार? ते दाराच्या चौकटीलगत असावे. त्यास घ्यावयास जाणारा मनुष्य आपोआप सुटकेच्या वाटेवर येतो. तेथे उभा राहून, पाठ दाराकडे ठेवून तो आगीशी झुंजू शकतो. आणि यश न आले, तर एकच पाऊल मागे टाकावयाचे असते. शिवाय दार उघडून बाहेरूनही ते हाती लागते. भर उन्हाची काच, शेगडीची आच व मुलांच्या पायांत येणारी जागा टाळावी. उंची कमरेच्या आसपास ठेवावी.

बसविण्याच्या रीतीत घर आणि गाडी यांत मोठा भेद आहे. घराच्या भिंतीवर आकड्यास टांगलेले नळकांडे वर्षानुवर्षे स्वस्थ राहते. गाडीत तसे चालत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर सुटलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेली वस्तू जमिनीवर आदळताना जो वेग घेते, तो हाच. तीन किलोंहून अधिक वजनाचे भरलेले नळकांडे त्या वेगाने कोणाच्या मस्तकावर आले, तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून गाडीकरिताच केलेली, पट्टा व खटक्याची लोखंडी बैठक घ्यावी. ती पातळ पत्र्यात किंवा शोभेच्या फळीत नुसत्या स्क्रूने न बसविता सांगाड्याच्या लोखंडात नटबोल्टाने आवळावी. प्लायवूडवर बसवावयाची झाल्यास मागील बाजूस जाड पट्टी द्यावी. भोक पाडण्यापूर्वी मागे गॅसची नळी, विजेची तार किंवा इंधनाची टाकी नाही ना, याची खात्री करावी. खटका एका हाताने व अंधारात उघडतो की नाही, हे घरातील प्रत्येकाने करून पाहावे.

नळकांडे कोठे वापरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कढईतील तेल पेटले, तर गॅस बंद करून कढईवर झाकण किंवा अग्निरोधक चादर घालावी; भुकटीचा झोत जवळून मारल्यास पेटते तेल चहूकडे उडते. गॅसच्या नळीस ज्वाळा लागली असता टाकीची कळ बंद करता येत असेल तर ती आधी करावी. कळ बंद न करता नुसती ज्वाळा विझविली, तर न जळलेला वायू साचतो. तो हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्याने तळाशी पसरतो, आणि ठिणगी मिळताच स्फोट होतो. म्हणूनच फिरत्या घराच्या जमिनीलगत हवेची वाट ठेवावी, व वास येताच विजेचे एकही बटन न दाबता सर्वांनी बाहेर पडावे. लिथियमची बॅटरी आतून तापून पेटली, तर भुकटीने ज्वाळा क्षणभर दबतील, परंतु आतील दाह थांबणार नाही. तेथे झुंजण्याचा मोह धरू नये.

साधन उत्तम, जागा उत्तम, आणि वापरावयाचे कसे हे एकट्या गाडी चालविणारासच ठाऊक, अशी स्थिती आपल्या कुटुंबांत सहज होते. वास्तविक शेगडीशी उभी असते ती सून किंवा सासू. रात्री प्रथम जाग येते ती म्हाताऱ्या माणसास. म्हणून निघण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून चार क्रिया शिकवाव्या: खीळ ओढावी, तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर मुळाकडे धरावे, दांडा दाबावा, आणि झाडू मारल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवावे. कोणी मुलांस उचलावे, कोणी आजोबांचा हात धरावा, बाहेर कोठे जमावे, हेही आधीच ठरवावे. आधी माणसे बाहेर, मग एकानेच झुंजावे. आणि एक नळकांडे रिते होऊनही आग शमली नाही, तर गाडीचा मोह सोडून दूर व्हावे व ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे. सिंदखेडराजाची आठवण ठेवून दाराखेरीज दुसरी वाट कोणती, कोणती खिडकी उघडते, काच फोडण्याची हातोडी कोठे आहे, हे मुलांसही माहीत असावे.

शेवटी निगा. महिन्यातून एकदा दाबमापकाचा काटा हिरव्या भागात आहे ना, खीळ व मोहोर शाबूत आहे ना, बैठक सैल झाली नाही ना, हे पाहावे. एकदा थोडेसे जरी वापरले, तरी ते पुन्हा भरून घ्यावे. कारण उरलेला दाब हळूहळू निघून जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला व आग विझविताना अग्निशामक दलाच्या अनेक जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. उन्हाळ्याच्या सुटीतील प्रवास त्याच सुमारास सुरू होतात. त्या दिवशी नळकांडे जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याचा नेम कुटुंबाने ठेवला, तर तारीख लक्षात ठेवण्याचा वेगळा खटाटोप करावा लागणार नाही.